प्लेराइट: पानाच्या आत चालवलेल्या फंक्शनला बाहेरचे व्हेरिएबल का दिसत नाही?

घाटमाथा

नमस्कार.

एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन ग्रंथसूचीसाठी स्वयंचलित चाचण्या लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. सूचीची पाने रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बांधलेली असून चाचण्या मी प्लेराइट हे ब्राउझर आपोआप चालवणारे साधन वापरून टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रकार तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहितो आहे. पान उघडणे, शोधाच्या चौकटीत शब्द भरणे, बटण दाबणे, अपेक्षित मजकूर दिसतो का ते तपासणे, इथपर्यंत काही अडले नाही. पानाच्या आत आपले स्वतःचे फंक्शन चालवण्याची जी सोय आहे, म्हणजे 'पेज.इव्हॅल्युएट', तिचे वागणे मात्र मला नीट उलगडत नाही.

शोधाच्या निकालांचा एक तक्ता येतो आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकाशनवर्ष असते. त्यांतली १९६० पासूनची पुस्तके वेगळी काढून त्यांची संख्या पानाच्या माथ्यावर दाखवलेल्या संख्येशी जुळते का, एवढेच मला पाहायचे आहे. त्यासाठी चाचणीच्या सुरुवातीला 'किमानवर्ष' हे व्हेरिएबल घेतले आणि इव्हॅल्युएटला दिलेल्या फंक्शनमध्ये ते सरळ वापरले. एडिटर त्याखाली लाल रेघ ओढत नाही, टाइपस्क्रिप्टचीही तक्रार नाही. पण चाचणी चालवली की 'रेफरन्स एरर: किमानवर्ष इज नॉट डिफाइन्ड' असे उत्तर येते. त्याच फाइलमध्ये दोन ओळी वर लिहिलेले व्हेरिएबल फंक्शनला दिसू नये, हे मला समजलेले नाही.

दुसरे असे की, तेच फंक्शन तक्त्यातली ओळ परत देईल असे लिहिले, तेव्हा एलिमेंटऐवजी 'रेफ: नोड' एवढेच शब्द असलेली स्ट्रिंग हाती आली. शोधाचा फॉर्म जुन्या पद्धतीचा आहे, म्हणजे बटण दाबल्यावर संपूर्ण पान नव्याने येते. बटणानंतर लगेच इव्हॅल्युएट केले तर एखादे वेळी सगळे सुरळीत चालते आणि एखादे वेळी 'एक्झिक्यूशन कॉन्टेक्स्ट वॉज डिस्ट्रॉइड, मोस्ट लाइकली बिकॉज ऑफ अ नेव्हिगेशन' ही एरर येते. शिवाय हेच काम एका स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये हलवून ती टाइपस्क्रिप्टच्या फाइली थेट चालवणाऱ्या 'टीएसएक्स' या साधनाने चालवली, तेव्हा दोन अंडरस्कोर आणि त्यापुढे 'नेम' अशा नावाची व्याख्या सापडत नाही अशी तक्रार आली. असे नाव माझ्या कोडमध्ये कुठेही नाही.

या अडचणी एकमेकींशी संबंधित आहेत का? नुसता तोडगा मला शोधून काढता येईल. मला कारण समजून घ्यायचे आहे.

कातळ

संबंधित आहेत, आणि चारही अडचणींचे मूळ जवळजवळ एकच आहे. तुमची चाचणी नोडच्या, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रोसेसमध्ये चालते आणि पान ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये. दोघांची मेमरी वेगळी आहे. ब्राउझर क्रोमियम असेल तर त्यांचे बोलणे क्रोम डेव्हटूल्स प्रोटोकॉलमधून होते. फायरफॉक्स आणि वेबकिटसाठी प्लेराइट आपले वेगळे प्रोटोकॉल वापरते. वाट कोणतीही असली तरी तिच्यावरून संदेश जातात, जिवंत वस्तू जात नाहीत. इव्हॅल्युएटला फंक्शन दिले की प्लेराइट त्या फंक्शनवर 'टूस्ट्रिंग' चालवते, त्यातून त्याचा लिखित मजकूर मिळवते, तो मजकूर ब्राउझरकडे पाठवते आणि ब्राउझर त्या मजकुरापासून पानाच्या आत एक नवे फंक्शन तयार करून चालवतो. तुम्ही लिहिलेले मूळ फंक्शन नोडमध्ये कधी चालतच नाही.

त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये आपण ज्याला क्लोजर म्हणतो, म्हणजे फंक्शन जिथे लिहिले तिथल्या आसपासच्या व्हेरिएबलांशी असलेले त्याचे नाते, ते या प्रवासात तुटते. मजकुरात 'किमानवर्ष' हे नाव जाते, पण त्यामागची १९६० ही किंमत जात नाही. टाइपस्क्रिप्टला हा प्रवास ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने ते एका फंक्शनला दिलेले दुसरे साधे फंक्शन आहे आणि 'किमानवर्ष' त्याच्या आवाक्यात आहे, म्हणून लाल रेघ येत नाही.

तुम्हाला एरर आली हे एका अर्थी बरे झाले, कारण याच प्रकारातली अधिक फसवी स्थिती एररशिवाय येते. बाहेरच्या व्हेरिएबलचे नाव 'नेम', 'स्टेटस', 'लेंग्थ' किंवा 'टॉप' असे असेल, तर पानात त्या नावाची किंमत आधीपासून असते, कारण ब्राउझरच्या विंडो ऑब्जेक्टवर हे गुणधर्म आहेतच. 'नेम' बहुधा रिकामी स्ट्रिंग देईल, 'लेंग्थ' पानातल्या फ्रेमची संख्या देईल, आणि चाचणी कसलीही कुरकुर न करता चुकीच्या किमतीवर पुढे जाईल. अशी चूक शोधायला फार वेळ जातो.

उपाय साधा आहे. इव्हॅल्युएटचा दुसरा आर्ग्युमेंट म्हणून किंमत द्या आणि फंक्शनला ती पॅरामीटर म्हणून घेऊ द्या. प्लेराइट असा एकच आर्ग्युमेंट घेते. अधिक किमती द्यायच्या असतील तर त्या एका ऑब्जेक्टमध्ये किंवा ॲरेमध्ये बांधाव्या लागतात. पपेटिअर या तशाच दुसऱ्या लायब्ररीत एकामागून एक कितीही आर्ग्युमेंट देता येतात. एका लायब्ररीतून दुसरीत कोड हलवताना लोक इथेच ठेचकाळतात, मात्र प्लेराइट त्याबद्दल स्पष्ट एरर देते. आर्ग्युमेंट म्हणून फंक्शन पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. साधे ऑब्जेक्ट, ॲरे, संख्या, स्ट्रिंग, तारखा जातात. जेसन या माहिती पाठवण्याच्या मजकूर-रूपात न मावणारे 'एनएएन' (संख्या नसलेली किंमत) किंवा 'इन्फिनिटी'सुद्धा प्लेराइट सांभाळून नेते.

किमती टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये घालून स्क्रिप्टचा मजकूर स्वतः जुळवण्याचा मोह टाळा. ग्रंथसूचीत लेखकांची नावे असतात, आणि रोमी लिपीत लिहिलेल्या गोव्याकडच्या डिसोझा, डिकुन्हा अशा आडनावांत 'डी'नंतर बहुधा अपॉस्ट्रॉफी असते. अशा एका नावाने तुमची स्ट्रिंग मध्येच बंद होते आणि स्क्रिप्ट मोडते. नाव बाहेरच्या कोणी टाइप केलेले असेल तर त्याने लिहिलेला कोड तुमच्या पानात चालूही शकतो.

आता परतीचा प्रवास. परत येणारी किंमतसुद्धा प्रत म्हणूनच येते. तक्त्यातली ओळ हे ब्राउझरच्या मेमरीतले एक झाड आहे. त्याची प्रत काढून नोडमध्ये आणता येत नाही, म्हणून प्लेराइट त्याजागी 'रेफ: नोड' अशी खूण ठेवते (हा नोड म्हणजे पानाच्या झाडातला घटक, चाचणी चालवणारा नोड नव्हे). यावर दोन वाटा आहेत. पहिली, आणि बहुतेक वेळा पुरेशी असलेली, म्हणजे हवी ती माहिती पानातच वेगळी करावी: प्रत्येक ओळीतून नाव, लेखक आणि वर्ष काढून साध्या ऑब्जेक्टांचा ॲरे परत द्यावा. दुसरी वाट 'इव्हॅल्युएट-हँडल'ची. ती वस्तूऐवजी वस्तूचा पत्ता देते, आणि तो पत्ता पुढच्या इव्हॅल्युएटला आर्ग्युमेंट म्हणून दिला की पानाच्या आत तो पुन्हा खऱ्या एलिमेंटमध्ये बदलतो. हँडल जिवंत असेपर्यंत ब्राउझरचा कचरा-संकलक त्या वस्तूला हात लावत नाही, त्यामुळे लांबलचक चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये काम झाले की 'डिस्पोज' करावे. पान बदलले की हँडल आपोआप निकामी होतेच.

पाचशे ओळींच्या तक्त्यासाठी प्रत्येक ओळीमागे तीन इव्हॅल्युएट करू नका. प्रत्येक हाक म्हणजे दोन प्रोसेसमधली एक पूर्ण ये-जा आहे, म्हणून पंधराशे फेऱ्यांऐवजी एकाच फेरीत सगळा ॲरे आणावा.

'टीएसएक्स'ची एररही याच कारणाची आहे, फक्त तिथे बाहेरचे नाव तुम्ही नव्हे तर साधनाने घातलेले आहे. ते साधन आतून ईएसबिल्ड हे कोडचे रूपांतर करणारे साधन वापरते आणि फंक्शनांची मूळ नावे टिकवण्यासाठी ईएसबिल्ड त्यांच्याभोवती स्वतःच्या एका मदतनीस फंक्शनची हाक गुंडाळते. तेच तुमचे दोन अंडरस्कोरवाले 'नेम'. मदतनीस फाइलच्या माथ्यावर राहतो, हाक मात्र तुमच्या मजकुराबरोबर पानात जाते. इव्हॅल्युएटच्या आत तुम्ही एखादे छोटे फंक्शन नाव देऊन लिहिले असेल तेव्हाच हे घडते. प्लेराइटचा स्वतःचा चाचणी-चालक बेबेल हे दुसरे रूपांतर-साधन वापरतो, म्हणून तिथे ही तक्रार आली नाही. आतल्या फंक्शनांना नाव न देता ती जागच्या जागी लिहिली तर प्रश्न मिटतो. तसे शक्य नसेल तर 'ॲड-इनिट-स्क्रिप्ट'ला, म्हणजे पानाच्या स्वतःच्या कोडआधी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीला, एक स्ट्रिंग द्यावी आणि तिच्यात त्या नावाचे, दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करणारे फंक्शन जाहीर करावे. इथे स्ट्रिंगच द्यायला हवी. फंक्शन दिले तर तेही त्याच साधनातून जाईल. कव्हरेज, म्हणजे चाचणीत कोडचा किती भाग चालला ते, मोजणारी इस्तंबूलसारखी साधनेही फंक्शनमध्ये आपले मोजणीचे कोड घुसवतात आणि 'कोव्ह'ने सुरू होणाऱ्या अनोळखी नावाची अशीच तक्रार उभी करतात.

सांजवारा

कातळ यांचे विवेचन बिनचूक आहे, पण माझा आक्षेप मुळातच आहे: या चाचणीत इव्हॅल्युएट इतके मध्यभागी का असावे?

आधी नेव्हिगेशनच्या एररविषयी सांगतो. फंक्शनचा मजकूर ज्या पानात पोचतो, त्या पानाचा एक एक्झिक्यूशन कॉन्टेक्स्ट, म्हणजे कोड चालण्याची जागा, असतो आणि पान बदलले की तो नष्ट होतो. तुमची हाक नव्या पानाचा कॉन्टेक्स्ट तयार झाल्यावर पोचली तर सगळे ठीक दिसते. जुन्या पानात फंक्शन चालू असतानाच पान गेले तर तुम्हाला ती एरर मिळते. तिसरी शक्यता अधिक वाईट आहे. फंक्शन जुन्या पानावर वेळेत पूर्ण होते आणि मागच्याच शोधाचे निकाल तुम्हाला नव्या शोधाचे म्हणून मिळतात. त्यामुळे एरर आली की पुन्हा प्रयत्न करणारी लूप लिहिणे किंवा मध्ये दोन सेकंद थांबणे हा उपाय नाही. नव्या पानावरच असू शकेल अशा खुणेची वाट पाहा: 'वेट-फॉर-यूआरएल' वापरून पत्त्यातला शोधशब्द तपासा, किंवा निकालांच्या मथळ्यात तो शब्द दिसेपर्यंत 'एक्स्पेक्ट' या तपासणीला थांबू द्या, आणि मगच तक्ता वाचा.

प्लेराइटमध्ये लोकेटर १.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहेत. लोकेटर म्हणजे सापडलेले एलिमेंट नव्हे, ते कसे शोधायचे याची कृती आहे. ती प्रत्येक वेळी नव्याने चालते, म्हणून रिॲक्टने ओळ काढून दुसरी घातली तरी बिघडत नाही. हँडल मात्र त्या एकाच, कदाचित पानातून काढून टाकलेल्या ओळीला धरून बसते. तुम्हाला पानातच गाळणी करायची असेल तर तक्त्याच्या ओळींचा लोकेटर घेऊन त्यावर 'इव्हॅल्युएट-ऑल' चालवा. त्यातली एक खोच मात्र ध्यानात ठेवा. लोकेटरवरचे साधे 'इव्हॅल्युएट' एलिमेंट येईपर्यंत थांबते आणि एकापेक्षा अधिक एलिमेंट सापडली तर एरर देते. 'इव्हॅल्युएट-ऑल' अजिबात थांबत नाही, त्या क्षणी जे असेल त्यावर चालते, आणि काहीच नसेल तर तुमच्या फंक्शनला रिकामा ॲरे देते. म्हणून त्याच्या आधी किमान पहिली ओळ दिसण्याची अट घालणे आवश्यक आहे.

'डॉक्युमेंट.क्वेरी-सिलेक्टर'ने केलेल्या शोधाला आणखी दोन मर्यादा आहेत. तो शॅडो डॉमच्या, म्हणजे पानाच्या घटकांच्या झाडात (डॉममध्ये) वेगळ्या ठेवलेल्या उपझाडाच्या, आत शिरत नाही, लोकेटर मात्र खुल्या शॅडो रूटमध्ये आपोआप शिरतो. तसेच 'पेज.इव्हॅल्युएट' फक्त मुख्य फ्रेममध्ये चालते. निकाल आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात, असतील तर त्या फ्रेमवरच इव्हॅल्युएट करावे लागते.

माझा खरा मुद्दा क्लिकचा आहे. नवखे लोक एखादे बटण दाबले जात नाही म्हणून इव्हॅल्युएटच्या आत त्यावर 'क्लिक' चालवतात, ते लगेच दाबले जाते आणि चाचणी हिरवी होते. लोकेटरचा क्लिक दाबण्याआधी बटण दिसते का, स्थिर आहे का, चालू स्थितीत आहे का आणि त्या जागी माऊस नेला तर ती घटना खरोखर त्या बटणालाच मिळेल का, हे तपासतो. कुकीच्या सूचनेची पट्टी बटणावर पसरलेली असेल तर तो थांबून राहतो आणि शेवटी एरर देतो. स्क्रिप्टने केलेला क्लिक यातले काहीही पाहत नाही. झाकलेले बटणही तो दाबतो. त्यातून निघणाऱ्या घटनेचा 'इज-ट्रस्टेड' हा गुणधर्म असत्य असतो, तर लोकेटरच्या क्लिकमध्ये तो सत्य असतो, कारण तो ब्राउझरच्या माऊस-कीबोर्डच्या मार्गाने आत येतो. जे बटण वाचकाला दाबता येणार नाही ते चाचणीने दाबून दाखवले, तर त्या चाचणीचा ग्रंथालयाला काय उपयोग?

माझ्या मते इव्हॅल्युएट तीन प्रकारच्या कामांना शोभते: जे पानावर दिसत नाही ते वाचण्यासाठी, उदाहरणार्थ लोकल स्टोरेजमधली किंमत, एकदम पुष्कळ मजकूर उचलण्यासाठी, जसे तुमचे काम आहे, आणि ज्याला लायब्ररीने स्वतंत्र पद्धत दिलेली नाही अशा गोष्टींसाठी. हा तिसरा प्रकार दरवर्षी आक्रसतो आहे. पूर्वी घड्याळ गोठवण्यासाठी 'डेट' बदलणारी स्क्रिप्ट 'ॲड-इनिट-स्क्रिप्ट'ने घालावी लागत असे, १.४५ या आवृत्तीपासून 'पेज.क्लॉक' हे काम करते.

तुमचा तक्ता खूप मोठा असेल तर तो व्हर्च्युअल पद्धतीने रंगवला जात नाही ना, हेही तपासून पाहा. तसे असल्यास पडद्यावर मावतात तेवढ्याच ओळी डॉममध्ये असतात आणि तुमची मोजणी नेहमीच कमी भरेल.

घाटमाथा

दोघांचेही मनापासून आभार. किंमत आर्ग्युमेंट म्हणून दिली, 'इव्हॅल्युएट-ऑल' वापरले आणि त्याआधी मथळ्यातला शोधशब्द जुळण्याची वाट पाहिली. आता एकही एरर येत नाही. तक्ता व्हर्च्युअल नाही, तेही पाहून घेतले. मात्र गाळणीनंतरचा ॲरे दर वेळी रिकामा येतो. गाळणी काढली तर सर्व ओळी व्यवस्थित मिळतात, आणि त्यांत १९७२, १९८५ अशी वर्षे स्पष्ट दिसतात. पानावर ती देवनागरी अंकांत आहेत.

याखेरीज एक छोटा प्रश्न. प्रगत शोधाच्या फॉर्ममध्ये 'या तारखेनंतर आलेली पुस्तके' अशी तारखेची चौकट आहे. इव्हॅल्युएटमध्ये तिची 'व्हॅल्यू' बदलली की चौकटीत तारीख दिसते, पण फॉर्म ती मानत नाही. जणू काही भरलेच नाही, अशा रीतीने सर्व पुस्तके परत येतात. फॉर्मचा हा भाग रिॲक्टचाच आहे.

अनुस्वार

रिकाम्या ॲरेचे कारण त्या अंकांतच आहे. जावास्क्रिप्टचे 'नंबर', 'पार्स-इंट' आणि अधिक चिन्ह लावून केलेले रूपांतर, हे तिन्ही प्रकार फक्त रोमी अंक, म्हणजे इंग्रजीतले 0 ते 9, ओळखतात. '१९७२' ही देवनागरी अंकांची स्ट्रिंग त्यांना दिली की 'एनएएन' मिळते, आणि 'एनएएन'ची कोणत्याही संख्येशी केलेली मोठे-लहानपणाची तुलना असत्यच येते. म्हणून एकही ओळ गाळणीतून उरत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधले 'बॅकस्लॅश डी' हेही केवळ शून्य ते नऊ या रोमी अंकांपुरते आहे. देवनागरी अंक पकडायचे असतील तर 'यू' फ्लॅग लावून 'एनडी' हा युनिकोड गुणधर्म वापरावा लागतो. रूपांतर स्वतः लिहिणे अवघड नाही: देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक ओळीने आहेत, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. हे फंक्शन इव्हॅल्युएटच्या बाहेर लिहून आत वापरू नका, नाहीतर पहिल्याच प्रश्नाकडे परत याल. वर्षांच्या स्ट्रिंग तशाच नोडमध्ये आणा आणि रूपांतर तिथे करा. गाळणी पानातच व्हायला हवी असे तुमच्या कामात काही दिसत नाही.

पानावरचे अंक देवनागरी कसे झाले, तेही विकसकाला विचारून ठेवा. सर्व्हरकडूनच तशी स्ट्रिंग येत असेल तर प्रश्न नाही. पण 'टू-लोकेल-स्ट्रिंग' वापरले असेल तर मराठी-भारत या लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये, अंक आपोआप देवनागरी होतात आणि त्याबरोबर १९७२ चे '१,९७२' होते, म्हणजे वर्षात स्वल्पविराम घुसतो. विकसकाने लोकेल न सांगता ती पद्धत वापरली असेल, तर अंक ब्राउझरच्या लोकेलवर ठरतात. आणि प्लेराइटचा कॉन्टेक्स्ट तुम्ही काही न सांगितल्यास अमेरिकी इंग्रजीत उघडतो. तेव्हा तीच चाचणी तुमच्या ब्राउझरमध्ये पाहिलेल्या पानापेक्षा वेगळे पान पाहील. कॉन्टेक्स्ट तयार करताना 'लोकेल' ठरवून टाकणे हा यावरचा सोपा बंदोबस्त आहे.

नावांची तुलना करणार असाल तर ती गाठ याहून चिवट आहे. 'दुसऱ्या', 'कोऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिलेला सापडतो. एका प्रकारात 'ऱ' हे युनिकोडमधले ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साध्या र-ला नुक्ता जोडलेला असतो. तिसऱ्यात र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह असते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन 'नॉर्मलाइझ' या पद्धतीने, एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणित जोडलेले रूप मागितले की एक होतात. तिसरा मात्र युनिकोडच्या नियमांनुसार त्यांचा समतुल्य नाही, म्हणून तो तसाच वेगळा राहतो आणि त्याची अदलाबदल स्वतः करून घ्यावी लागते. जुन्या नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कीबोर्डांवर भरल्या गेलेल्या ग्रंथसूचीत तिन्ही रूपे असण्याची शक्यता बरीच आहे. 'एक्स्पेक्ट'ची मजकूर जुळवणारी पद्धत मोकळ्या जागा सारख्या करून घेते, पण ही रूपे एक करत नाही.

पारिजात

मूळ प्रश्नाला एक पुस्ती जोडतो. पायथॉनमधून प्लेराइट वापरणाऱ्यांना क्लोजरचा हा भ्रम होत नाही, कारण तिथे इव्हॅल्युएटला जावास्क्रिप्टची स्ट्रिंगच द्यावी लागते आणि दोन भाषांमधली भिंत डोळ्यांसमोर असते. सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या दुसऱ्या साधनातही 'एक्झिक्यूट-स्क्रिप्ट'ला स्ट्रिंगच देतात, पण ती स्ट्रिंग म्हणजे फंक्शनचा आतला भाग असतो: आर्ग्युमेंट 'आर्ग्युमेंट्स' या ॲरेसारख्या वस्तूतून क्रमांकाने उचलायचे आणि शेवटी 'रिटर्न' लिहायचेच. तो विसरला की पायथॉनमध्ये 'नन' मिळते आणि एरर काहीच येत नाही. सेलेनियमची एक सोय मात्र मान्य करावी लागेल की तिथे फंक्शनने एलिमेंट परत दिले तर ते वेबएलिमेंट म्हणून वापरण्याजोगे मिळते. अर्थात ते पुढे 'स्टेल', म्हणजे पान बदलल्याने निकामी, होण्याची टांगती तलवार असतेच.

वेळमर्यादेतही फरक आहे. सेलेनियम ज्यावर चालते त्या वेबड्रायव्हरच्या मानकात स्क्रिप्टसाठी ३० सेकंदांची मूळ मर्यादा आहे. 'पेज.इव्हॅल्युएट'ला स्वतःची मर्यादाच नाही. तुमच्या फंक्शनने प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी, परत दिले तर ते पूर्ण होईपर्यंत ते थांबते, आणि प्रॉमिस कधीच पूर्ण झाले नाही तर अखेर सबंध चाचणीची मर्यादा संपते. स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये, म्हणजे 'टीएसएक्स'ने चालवलेल्या तुमच्या फाइलमध्ये, तीही नसते.

कातळ

तारखेच्या चौकटीविषयी. रिॲक्ट प्रत्येक इनपुट एलिमेंटवर 'व्हॅल्यू' या गुणधर्माचा आपला स्वतःचा सेटर, म्हणजे किंमत भरताना चालणारे फंक्शन, बसवते आणि शेवटची किंमत काय होती याची नोंद ठेवते. तुम्ही इव्हॅल्युएटमध्ये थेट 'व्हॅल्यू' बदलली की ती बदललेली किंमत त्या सेटरमधून जाऊन नोंदीतही बदलते. नंतर तुम्ही 'इनपुट' ही घटना पाठवली तरी रिॲक्ट नोंद आणि चौकट यांची तुलना करते, दोन्ही सारख्याच दिसतात, काही बदललेले नाही असे ठरते आणि 'ऑन-चेंज' चालत नाही. कॉम्पोनंटच्या (पानाच्या त्या भागाच्या) स्टेटमध्ये, म्हणजे रिॲक्टने सांभाळलेल्या माहितीत, तारीख रिकामीच राहते, आणि फॉर्म स्टेट पाठवतो.

यावर लोक एक युक्ती करतात: 'एचटीएमएल-इनपुट-एलिमेंट'च्या प्रोटोटाइपवरचा मूळ सेटर उचलून तो त्या एलिमेंटवर चालवतात, म्हणजे रिॲक्टची नोंद जुनीच राहते, आणि मग वर झिरपणारी, म्हणजे 'बबल्स' सत्य असलेली, 'इनपुट' घटना पाठवतात. झिरपणे आवश्यक आहे, कारण रिॲक्ट घटना त्या चौकटीवर नव्हे तर मुळाशी ऐकते. १७ व्या आवृत्तीपासून ते मूळ म्हणजे ॲप जिथे बसवले तो कंटेनर.

पण तुम्हाला हे करण्याची गरज नाही. तारखेच्या चौकटीचा लोकेटर घ्या आणि 'फिल' वापरा. रिॲक्टला तो बदल दिसतो. किंमत मात्र वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मध्ये आडवी रेघ देऊन आणि रोमी अंकांत द्यावी लागेल, पडद्यावर ती चौकट तारीख कशीही दाखवत असली तरी. चौकट ब्राउझरची स्वतःची नसून रिॲक्टच्या एखाद्या कॅलेंडर कॉम्पोनंटची असेल, तर तो कॉम्पोनंट टाइप केलेला मजकूर घेतो का ते आधी पाहा. घेत नसेल तर वाचक जसा महिना उलटून दिवसावर बोट ठेवेल तसेच लोकेटरने क्लिक करत जावे लागेल.